घर जळालं, कागदही जळाले. मग मानवाधिकार न्यायालयात नुकसान सिद्ध कसं होतं?

वकीलताई_इंदूर

नमस्कार मंडळी.

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मी जमीन-मिळकतीची कामं बघते. नामांतरण, सीमांकन, वाटपाचे दावे, रोजचं तेच. लॉ कॉलेजातल्या काही मुली मूट कोर्टच्या (सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्याच्या) तयारीला माझ्याकडे येतात. त्यांच्यामुळे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचे मालमत्तेबद्दलचे निकाल ओळीने वाचून काढले. हे न्यायालय फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला आहे. वाचताना डोक्यात एकच प्रश्न होता. सैन्याने गाव जाळलं, माणसं नेसत्या वस्त्रानिशी पळाली, पेटी आणि पेटीतले कागद तिथंच राहिले. कित्येक वर्षांनी तीच माणसं न्यायालयात उभी राहतात आणि समोरचं सरकार म्हणतं, घर तुमचं होतं हे दाखवा. काय दाखवणार?

आपल्याकडे पक्षकार आला की आधी रजिस्ट्री, म्हणजे नोंदणीकृत खरेदीखत, मागतात. ती नाही म्हटलं की निम्मी केस तिथंच बसते. स्ट्रासबुर्गमध्ये मालकीचा कागद हा अनेक पुराव्यांतला एक आहे. पण रजिस्ट्री नसणं वेगळं आणि हातात काहीच नसणं वेगळं, हा फरक ते न्यायालय फार कडकपणे करतं. आज मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

दोगान विरुद्ध तुर्की, निकाल 2004 चा. तुंजेली प्रांतात होझात तालुक्यात बोयदाश नावाचं डोंगरातलं गाव. ऑक्टोबर 1994 मध्ये गाव रिकामं झालं आणि पुढची कित्येक वर्षं लोकांना परतू दिलं नाही. सरकारचा आक्षेप असा की बहुतेकांकडे जमिनीचा उताराच नाही. न्यायालयाने उताऱ्याचा वाद बाजूला ठेवला. ही माणसं वाडवडिलांच्या जमिनीवर बांधलेल्या घरांत राहत होती, शेती करत होती, गायरान आणि जंगल सगळे मिळून वापरत होते, गुरांवर आणि लाकडावर पोट भरत होते, आणि या वापराला कुणी कधी हरकत घेतली नव्हती. हे सगळं मिळून त्यांची 'मालमत्ता' होते, असं न्यायालयाने ठरवलं. आधार होता युरोपीय मानवाधिकार कराराला 1952 मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचं पहिलं कलम.

आता काराबाख, म्हणजे आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातला युद्धाचा प्रदेश. 16 जून 2015 ला एकाच दिवशी दोन निकाल आले. चिरागोव विरुद्ध आर्मेनिया हा लाचीनमधून 1992 मध्ये पळालेल्या लोकांचा, आणि सर्गस्यान विरुद्ध अझरबैजान हा गुलिस्तान गावच्या माणसाचा. दोन्हीकडे हुकमाचा एक्का ठरला तो सोव्हिएत काळातला घराचा 'टेक्निकल पासपोर्ट'. घराचा नकाशा, खोल्या, क्षेत्रफळ, कुणाच्या नावावर, एवढं त्यात असतं. सोव्हिएत व्यवस्थेत जमीन खासगी मालकीची नव्हतीच, तिचा फक्त वापर मिळायचा. तो वापराचा हक्कसुद्धा न्यायालयाने मालमत्ता मानला. विरोधी सरकारांनी त्या कागदांतल्या उणिवा दाखवल्या, खरेपणावर शंका घेतली. न्यायालयाने विस्थापितांना घर-मालमत्ता परत मिळण्याबद्दलची संयुक्त राष्ट्रांची 2005 ची पिन्हेरो तत्त्वं समोर ठेवली. युद्धात नोंदी नष्ट होतात, पळणाऱ्या माणसाकडून शांतताकाळातल्या पुराव्याची अपेक्षा ठेवता येत नाही, हे मान्य केलं. कागद, शेजाऱ्यांचे जबाब, गावच्या जुन्या पदाधिकाऱ्यांची निवेदनं हे सगळं एकमेकांशी जुळतंय का ते तपासलं आणि दावा स्वीकारला.

याची दुसरी बाजूही वाचा. लिस्निय आणि इतर विरुद्ध युक्रेन आणि रशिया, 2016. पूर्व युक्रेनमध्ये घरं उद्ध्वस्त झाल्याची तक्रार होती, आणि अर्जदारांनी घर आपलं असल्याचा पुरावा म्हणून मुख्यतः आपले पासपोर्ट जोडले होते. अर्ज दारातूनच परत गेला. युद्ध चालू आहे हे न्यायालयाला माहीत होतं. तरी, का जमवता आलं नाही आणि जमवायला काय खटपट केली, एवढं तरी सांगायला हवं होतं. मुलींना मी हा निकाल आधी वाचायला लावते.

मालकी सिद्ध झाली तरी रकमेचं प्रकरण वेगळंच आहे. सायप्रसच्या लोइझिदूबाईंकडे बेटाच्या उत्तरेला असलेल्या कीरेनियातल्या जमिनींचे पक्के दाखले होते. 1974 मध्ये तुर्की सैन्य आलं आणि उत्तरेकडचा रस्ता त्यांना बंद झाला. अर्ज 1989 चा, हक्कभंगाचा निकाल 1996 चा, भरपाईचा 1998 चा. मूल्यांककाचा अहवाल लावून त्यांनी सहा लाखांवर सायप्रस पौंड मागितले, मंजूर झाले 3 लाख, शिवाय मानसिक त्रासाचे 20 हजार. आणि ही भरपाई जमिनीच्या किमतीची नव्हे, ती वापरता न आल्याची. कारण न्यायालयाच्या मते मालक त्याच होत्या. हिशेबही 1974 पासून झाला नाही. तुर्कीने न्यायालयाचा अधिकार मान्य केला जानेवारी 1990 मध्ये, घड्याळ तिथून सुरू झालं. पैसे हातात पडले 2003 मध्ये.

चिरागोव आणि सर्गस्यानमध्ये 2017 ला प्रत्येकी 5 हजार युरो मिळाले, मालमत्तेचे आणि मनस्तापाचे मिळून. घरदार, जमीन आणि पाव शतकाचा वनवास याची ती रक्कम वाचून मला त्या दिवशी दुसरं काम सुचलं नाही.

ज्यांनी मूल्यांकनाची, पुनर्वसनाची कामं केली आहेत त्यांनी जरूर लिहा.

निमाडकर

ताई, बोयदाश वाचताना आमचं बडवानीकडचं खोरं डोळ्यांसमोर आलं. सरदार सरोवर धरणाच्या वेळी मी तिकडच्या गावांत सर्वेक्षणाच्या माणसांबरोबर फिरलो आहे. घराचा पंचनामा व्हायचा तेव्हा भिंत मातीची की विटेची, कौलं की पत्रा, दारं किती, हे लिहून घ्यायचे. अंगणातली झाडं मोजायचे, आंबा वेगळा, महू वेगळा. पण नदीपात्रातली गाळपेराची जमीन, जिथं उन्हाळ्यात टरबूज व्हायचं, तिचं काय? ती कुणाच्याच खात्यावर नाही. मासेमारी, गायरानातला चारा, तेही कुठल्या रकान्यात बसत नाही. वापरालाच मालमत्ता मानणारं न्यायालय जगात आहे हे वाचून बरं वाटलं.

एक विचारतो. आमच्याकडे खोट्या रजिस्ट्र्यांचं केवढं प्रकरण झालं, न्यायमूर्ती झा आयोग बसला. दलालांनी विस्थापितांच्या हातात बनावट कागद दिले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये जमीन न मिळालेल्यांना दोन हेक्टरपोटी 60 लाख आणि या फसवणुकीत सापडलेल्यांना 15 लाख द्यायला सांगितले. कागद असूनही माणसं नागवली गेली. मग जबाबांवर दावे मानायला लागलं तर खोटे दावेदार रांग लावणार नाहीत का?

वकीलताई_इंदूर

निमाडकरभाऊ, प्रश्न रास्त आहे. उत्तर तुमच्याच उदाहरणात आहे: कागद खोटा करता येतो, आख्खं गाव खोटं करणं अवघड. बनावट रजिस्ट्री एका टेबलावर तयार होते. पण शेजारी, सरपंच, शाळेचा दाखला, वीजबिल, मतदारयादी, गुरांच्या लसीकरणाची नोंद यांची सांगड घातली की खोटा माणूस कुठेतरी अडकतोच. न्यायालय नेमकं तेच बघतं. एकाच मजकुराखाली नावं बदलून केलेली शपथपत्रं तिथंही फारशी चालत नाहीत.

शिवाय गोष्ट तीन पायऱ्यांची आहे आणि बरेच अर्ज दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर घसरतात. वस्तू माझी होती. ती नष्ट झाली किंवा तिच्यापर्यंत मला जाऊ दिलं नाही. आणि हे या सरकारच्या माणसांनी केलं किंवा ते त्याला जबाबदार आहे. कुणी केलं हे सिद्ध करायला मापदंड संशयातीत पुराव्याचा, म्हणजे कडक. फक्त एक सवलत आहे. लष्करी नोंदी, तपासाच्या फायली सरकारच्याच ताब्यात असतील आणि न्यायालयाने मागूनही ते देत नसेल, तर न्यायालय सरकारविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं. अर्जदाराने वेळीच पोलिसांत, तहसीलदाराकडे तक्रार दिली होती आणि कुणी साधा पंचनामासुद्धा केला नाही, हेही अर्जदाराच्या बाजूने जातं. म्हणून तक्रारीची पोच जपायची.

मूल्यांकक_सुदामानगर

मी सिव्हिल इंजिनिअर, शासनमान्य मूल्यांकक. बँकांची कामं करतो, पण जळालेल्या आणि पाडलेल्या इमारतींचे अहवालही केले आहेत. ताईंनी रकमेबद्दल लिहिलं म्हणून आमच्या धंद्यातलं सांगतो.

नसलेल्या घराची किंमत काढायची तर आधी त्याचं माप लागतं. नकाशा नसेल तर फोटो. लोक म्हणतात, घराचा फोटोच नाही. असतो. लग्नाच्या अल्बममध्ये वरात दारात उभी असते तेव्हा मागे आख्खी भिंत असते. दरवाजा साडेसहा-सात फूट धरायचा. जुन्या नऊ इंची विटेच्या भिंतीत एक थर मसाल्यासकट साधारण साडेतीन इंचांचा, थर मोजले की उंची आली. पत्र्याचं छत असेल तर नाळी मोजायच्या, नेहमीच्या पत्र्यात दोन नाळ्यांतलं अंतर तीन इंच. एकाच फोटोत दार, विटा आणि पत्रा तिन्ही असतील तर तिन्ही मापं एकमेकांना पडताळता येतात. मग प्लिंथ एरिया (जोत्यावरचं क्षेत्रफळ), बांधकाम खात्याचा दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा. जमिनीचा भाव वेगळा.

घरातलं सामान हा सगळ्यात कच्चा दुवा. 'घरातील सर्व सामान 5 लाख' असं एका ओळीत लिहिलेलं कुणी मानत नाही आणि मानूही नये. खोलीवार यादी करा. स्वयंपाकघरात काय, माजघरात काय, कधी घेतलं, साधारण केवढ्याला. बाईमाणसाला विचारा, तिला प्रत्येक भांडं आठवतं. दागिन्यांसाठी सराफाची जुनी चिठ्ठी किंवा अंगावर दागिने असलेला फोटो.

ताई, ते न्यायालय अशी यादी मागतं का?

वकीलताई_इंदूर

मागतं. तिथल्या नियमावलीचा नियम 60: प्रत्येक बाबीची वेगवेगळी रक्कम आणि तिला जोडलेला पुरावा, न्यायालय देईल त्या मुदतीत. आणि हे वेगळं मागावं लागतं. कराराच्या कलम 41 खाली भरपाई मागितलीच नाही किंवा मुदत चुकली, तर हक्कभंग सिद्ध होऊनही हातात साधारणपणे काही पडत नाही. यादी असली पण आकड्यांना आधार नसला, तर न्यायालय 'न्यायबुद्धीने' एक ठोक रक्कम ठरवतं. तुर्कीतल्या जाळलेल्या गावांच्या बऱ्याच खटल्यांत तसंच झालं. ती रक्कम बहुतेकदा मागणीपेक्षा खूप कमी भरते. तुमची पत्र्याच्या नाळ्यांची युक्ती मी मुलींना दाखवणार आहे.

मूटवाली

ताईंकडे शिकणाऱ्यांतली मी एक. युरोपबाहेरचं थोडं लिहिते.

अमेरिका खंडांचं न्यायालय कोस्टारिकात सान होसेला आहे. तिथं 2001 मध्ये आवास तिंग्नी या निकारागुआतल्या आदिवासी समाजाचा निकाल लागला. सरकारने त्यांच्या जंगलात लाकूडतोडीचा परवाना दिला होता आणि समाजाकडे जमिनीचा एकही सरकारी कागद नव्हता. पुरावा काय होता? वडीलधाऱ्यांच्या साक्षी, मानववंशशास्त्रज्ञांचा अभ्यास, आणि समाजाने जमीन कुठे कशी वापरली याचे नकाशे. सामूहिक मालकी मान्य झाली.

दुसरं इतुआंगो, कोलंबिया, 2006. निमलष्करी टोळ्यांनी 1997 मध्ये एल आरो गावातली घरं जाळली आणि 800 ते 1,200 गुरं हाकून नेली. कुणाची किती गुरं हे प्रत्येकाला दाखवता येणार नव्हतं. न्यायालयाने तपशील नाही म्हणून हात झटकले नाहीत. न्यायबुद्धीने रकमा ठरवल्या आणि घरं गेलेल्यांसाठी सरकारला घरबांधणी योजना करायला लावली.

आफ्रिकेचं न्यायालय टांझानियात अरुशाला आहे. केनियाच्या माऊ जंगलातल्या ओगिएक समाजाच्या बाजूने 2017 मध्ये निकाल लागला, भरपाई 2022 मध्ये ठरली: भौतिक नुकसानीचे 5 कोटी 78 लाख 50 हजार शिलिंग आणि मानसिक नुकसानीचे 10 कोटी. शिवाय जमिनीचं सीमांकन करून सामूहिक मालकीपत्र द्यायचा आदेश.

मला वैयक्तिकरीत्या सान होसेची पद्धत जास्त माणुसकीची वाटते. स्ट्रासबुर्ग पैशावर थांबतं, ही मंडळी घर उभं करायला लावतात.

बस्तीतली_शाळा

माझ्या शाळेतली निम्मी मुलं नाल्याकाठच्या झोपड्यांतली. त्यांच्या आईबापांकडे जमिनीचा सरकारी पट्टा नाही, पण नळाचं बिल आहे, विजेचं बिल आहे. अतिक्रमण म्हटलं की सगळं संपतं का? तिकडचं न्यायालय अशांना दारात उभं करतं का?

वकीलताई_इंदूर

ताई, करतं. ओनरयिल्दिझ विरुद्ध तुर्की हा निकाल मुद्दाम वाचा. इस्तंबूलच्या उमरानियेत कचऱ्याच्या डोंगराला लागून झोपड्या होत्या. 28 एप्रिल 1993 ला मिथेन वायूचा स्फोट झाला, कचरा घसरला, 39 माणसं गेली. अर्जदाराच्या घरातली नऊ. झोपडी बेकायदा, जमीन सरकारी. तरी 2004 मध्ये मोठ्या पीठाने घर आणि सामान ही त्याची मालमत्ता मानली. सरकारने तिथं वर्षानुवर्षं वस्ती चालू दिली होती, कर घेतला होता, नागरी सोयींचे पैसे घेतले होते. जमिनीवर हक्क दिला नाही, घरावर दिला. त्या बिलांना कमी समजू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपायला सांगा.

बडोदेकर

सगळं वाचलं. पण स्पष्टच विचारतो, आपल्याला याचा उपयोग काय? आपण तिथं जाऊ शकत नाही. अभ्यास म्हणून ठीक.

वकीलताई_इंदूर

बडोदेकर, आशियासाठी असं न्यायालय नाही, खरं आहे. आसियान देशांचा 2009 पासून एक आयोग आहे, पण न्यायालय नाही आणि आपण त्यात नाही. भारत सरकारविरुद्ध स्ट्रासबुर्गला जाता येत नाही. पण त्या करारातल्या देशात मालमत्ता असलेला भारतीय तिथं जाऊ शकतो. करार नागरिकत्व विचारत नाही, त्या देशाच्या अधिकारक्षेत्रात असणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे, कंपनीलासुद्धा.

आपल्याकडे राज्यघटनेचं कलम 300-अ आहे. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने मालमत्ता मूलभूत हक्कांतून निघाली, तरी कायद्याच्या आधाराशिवाय ती हिरावता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालय, आमच्यासाठी इंदूर खंडपीठ. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एक वर्षाच्या आत, आणि आयोग शिफारस करतो, हुकूम नाही. पुराव्याच्या दृष्टीने मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो सर्वोच्च न्यायालयाचा 13 नोव्हेंबर 2024 चा निकाल. बांधकाम पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस, पंचांच्या सह्यांचा तपासणी अहवाल, आणि पाडकामाचं व्हिडिओ चित्रीकरण. म्हणजे तिकडे अर्जदाराला जे कणाकणाने गोळा करावं लागतं, ते इथं पाडणाऱ्यानेच तयार करून ठेवायचं आहे. ते मागून घ्या. दिलं नाही तर न दिल्याची नोंद करून घ्या.

सुलोचनाकाकू_लोकमान्यनगर

माझा भाचा युक्रेनमध्ये खारकीवला एमबीबीएस करत होता. युद्ध सुरू झाल्यावर सरकारच्या ऑपरेशन गंगामध्ये परत आला, अंगावरच्या कपड्यांनिशी. लॅपटॉप, पुस्तकं, भरलेली फी सगळं तिकडेच. काही होऊ शकतं का हो?

वकीलताई_इंदूर

काकू, मुलगा सुखरूप आला हे मोठं.

स्ट्रासबुर्गचा रस्ता आता बंद धरा. देशातला अंतिम निकाल लागल्यापासून, किंवा दाद मागायला जागाच नसेल तर घटनेपासून, मुदत चार महिन्यांची. आधी सहा होती, फेब्रुवारी 2022 पासून चार झाली. रशिया 16 सप्टेंबर 2022 पासून त्या करारात नाही. 9 जुलै 2025 ला मोठ्या पीठाने युक्रेन आणि नेदरलँड्सच्या दाव्यांत रशियाला मालमत्तेच्या नाशासाठीही दोषी धरलं, पण तो देशादेशांतला खटला आहे.

वेगळी सोय म्हणजे द हेगमधली युक्रेनसाठीची नुकसान नोंदवही, 2023 मध्ये स्थापन झालेली. 24 फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनच्या हद्दीत झालेल्या नुकसानीची ती नोंद घेते. एप्रिल 2024 मध्ये राहत्या घरांपासून सुरुवात झाली, मग एकेक वर्ग उघडत गेला. भाचा भाडेकरू, म्हणून घर त्याचं नाही, सामान त्याचं. हॉस्टेलचा करार, फीच्या पावत्या, व्हिसा, परतीच्या विमानाचा कागद, लॅपटॉपचं बिल, खोलीतले जुने फोटो हे सगळं एका फोल्डरमध्ये तारखेसकट ठेवा. फोटो व्हॉट्सॲपवरून उतरवू नका, मूळ फोनमधून घ्या, त्यात तारीख शाबूत राहते.

जुना_पीठा

ताई, आमच्या आजोबांचा वाडा रस्तारुंदीकरणात निम्मा गेला. एका कार्यालयात विचारलं तर जुनी नोंदवही सापडत नाही म्हणाले. आता कुठून सुरुवात करू?

वकीलताई_इंदूर

'सापडत नाही' हे तोंडी घेऊ नका. माहिती अधिकारात लेखी अर्ज करा आणि लेखी उत्तर घ्या. नोंद नाही असं सरकारने लिहून देणं हाही पुरावाच. मग बाजूने या. संपत्तिकराच्या जुन्या रसीदा, आजोबांचा मतदारयादीतला पत्ता, शेजारच्या वाड्याच्या रजिस्ट्रीत चतुःसीमा लिहिताना तुमच्या आजोबांचं नाव आलेलं असतं, ती सर्टिफाइड कॉपी काढा. शेजारी हयात असतील तर त्यांचं शपथपत्र याच महिन्यात करून घ्या. उरलेला अर्धा वाडा मूल्यांककदादांकडून मोजून घ्या. तुटलेल्या भिंतीत तुळयांची भोकं अजून दिसत असतील, गिलावा करण्याआधी त्यांचे फोटो टेप लावून काढा.